पायाचा कागद

रविवार, १० जून १९८४

आमच्या कंपनीला तेल पुरवणाऱ्याने जानेवारीत ही डायरी दिली होती. पाच महिने कपाटावर धूळ खात पडली. आज खाली काढली, कारण घरात बोलायला कोणी नाही आणि मला लिहायची सवय आहे. बॉयलरवर दर तासाला वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी वहीत लिहावी लागते. अठरा वर्षं लिहितोय. तिथे स्वतःबद्दल काही लिहायचं नसतं, एवढाच फरक.

तर नोंद अशी. काल संध्याकाळी सुलक्षणा आणि दोन्ही मुलं परळहून एसटीने गावी गेली. गावी म्हणजे तिच्या माहेरी, देवगड तालुक्यात. तिला तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. शिक्षण लग्नाआधीच झालं होतं, पण नोकरीची ऑर्डर यायला नऊ वर्षं लागली. ऑर्डर हातात घेऊन ती माझ्याकडे बघत उभी राहिली तेव्हा नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. नऊ वर्षं तिने पहाटे उठून माझा डबा भरलाय. मुलांना बघायला तिथे सासूबाई आहेत. इथे मुलुंडच्या एका खोलीत, माझ्या पाळ्यांमध्ये, त्यांना कोण बघणार? दोन वर्षं काढू, मग ठाण्याकडे बदलीचं बघू, असं मी म्हणालो.

माणिक सात वर्षांची, नंदू साडेतीनचा. माणिकला परवाच नवे सँडल घेतले, तपकिरी, बक्कलवाले. एसटीच्या पायरीवर उभी राहून ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी येणार?"

"गणपतीला."

"तोपर्यंत मी केवढी होईन?"

"काही व्हायचं नाही. मी येईपर्यंत एवढीच राहा. कबूल?"

तिने जरा विचार केला. मग म्हणाली, "कबूल."

कंडक्टर हसला. मीही हसलो. बस गेली आणि मग मात्र हसू आलं नाही.

रविवार, १७ जून

शेजारच्या शेवंतीबाईंच्या दाराबाहेर चपलांचे सात जोड असतात, माझ्या दाराबाहेर एक. हे आज पहिल्यांदा दिसलं. परवापर्यंत त्या चपलांवरून मी रोज कटकट करत होतो.

भात दोन माणसांचा लावतो आणि दोन वेळा खातो. आमटी मला येते. येते म्हणजे तिला आमटी म्हणता येतं.

गुरुवार, ५ जुलै

आज गावी पत्र टाकलं. सुलक्षणाला लिहिलं की मुलांच्या पायांचे कागद पाठव. आमच्या कोकणात ही जुनी रीत आहे. पोराला कागदावर उभं करायचं, पेन्सिल पायाभोवती फिरवायची आणि तो कागद मुंबईवाल्याला पाठवायचा. मुंबईवाला तो दुकानात नेतो आणि चपला धाडतो. मी लहान असताना माझेही कागद लालबागला माझ्या वडिलांकडे जायचे. ते मिलमध्ये होते.

वडिलांनी कधीही मापाची चप्पल पाठवली नाही. नेहमी दोन बोटं मोठी, आणि पुढे अंगठ्याशी कागदाचा बोळा कोंबलेला. सगळी शाळा मी फटक फटक आवाज करत चाललो. धावायच्या शर्यतीत एकदा चपलेत पाय अडकून असा पडलो की समोरचा अर्धा दात गेला, तो अजून तसाच आहे. कागद एवढा नीट काढून पाठवायचो, मग या माणसाला माप दिसत कसं नाही, असा तेव्हा राग यायचा. म्हणून मी ठरवलंय, माझ्या मुलांना बोटभरही मोठी वस्तू घालायची नाही. पाय तसा सँडल.

शनिवार, २८ जुलै

कागद आले. शाळेच्या वहीचे दुरेघी कागद. सुलक्षणा लिहिते की कागद काढायचं काम माणिकने स्वतःकडे घेतलंय, कोणाला हात लावू देत नाही.

नंदूचा पाय म्हणजे नुसता गोंधळ. पाचही बोटं वेगवेगळी काढलीत आणि मध्येच हलल्यामुळे पायाला दोन अंगठे झालेत. माणिकचा मात्र काय सुरेख. एका दमात रेघ ओढलीय, कुठे थरथर नाही, पुढे छान गोल, मागे छान गोल. टाचेजवळ बाहेरच्या बाजूला एवढासा खळगा आहे, तिथे पेन्सिल घसरली असणार. पोरीचा हात चित्रकलेचा आहे. खाली लिहिलंय, "बाबा मी तेवढीच आहे." अक्षर पण वळणदार झालंय.

बदल्यात मी त्यांना काय पाठवू हे सुचेना. दोन्ही कागद दाराशी ओळीने ठेवले, चपला काढतात तिथे. पंख्याने उडायला लागले म्हणून वर एकेक वाटी ठेवली.

रविवार, १२ ऑगस्ट

पाचरस्त्यावर शिवदासचं चपलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, पण माल चांगला आणि माणूस तोंडाचा स्पष्ट. त्याने कागद सँडलमध्ये घालून बघितले. नंदूला आठ नंबर होता, आता नऊ. माणिकला बाराच. तो म्हणाला, "भाऊ, एक नंबर मोठा न्या, पोरं वाढतात." मी म्हटलं, मापाचाच दे. माझा दात दाखवला आणि गोष्ट सांगितली. तो हसला, पण वाद घालत राहिला. मी ऐकलं नाही.

गावचे एकजण गणपतीसाठी लवकर निघाले होते, त्यांच्याबरोबर दोन्ही जोड पाठवले.

सोमवार, २७ ऑगस्ट

गणपतीला जाणं होत नाही. बॉयलरचं सर्टिफिकेट असलेले आम्ही दोघेच, मी आणि विद्याधर. एक रजेवर गेला की दुसऱ्याने बारा बारा तास काढायचे. विद्याधरच्या घरी गणपती असतो, तो दर वर्षी जातो. तो गेला.

इथपर्यंत सगळं खरं आहे. पण ही डायरी कंपनीची नाही, तेव्हा पुढचंही लिहितो. मी त्याला विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्याने दोन दिवस तरी मागेपुढे केले असते. मला जायचं होतं आणि नव्हतंही. तिथे ती सगळ्यांची बाई आहे. सासूबाई लिहितात की सरपंचसुद्धा बाई म्हणून उठून उभा राहतो. मी तिथे कोण? बाईंचे मिस्टर. सासुरवाडीच्या ओटीवर बसून चहा प्यायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने विचारायचं की पाहुणे किती दिवस आहेत.

पत्रात फक्त बॉयलरचं लिहिलं.

गुरुवार, ३० ऑगस्ट

चतुर्थी. दुसरी पाळी. गल्लीत आरत्या चालू होत्या तेव्हा मी बॉयलरची काच पुसत होतो. पाणी अर्ध्यावर. सगळं ठीक.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

दिवाळीसाठी दुसरे कागद आले. नंदूचा पाय परत वाढलाय. माणिकचा तेवढाच. पहिल्या कागदाशेजारी धरून बघितला, अगदी तेवढाच. हे बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नंदूचं काय, तो मला विसरेल आणि परत ओळखायला लागेल, त्या वयात तसंच असतं. पण माणिक एसटीच्या पायरीवर जशी होती तशीच अजून आहे असं वाटलं. म्हणजे माझं फारसं काही बुडालेलं नाही.

सुलक्षणाच्या पत्रात एक मजेशीर मजकूर आहे. माणिक शाळेतून येताना सँडल हातात धरून येते. विचारलं तर म्हणते, झिजतील. गावी सगळी पोरं अनवाणीच हिंडतात, हिला सँडल आहेत तर ही त्यांना जपते. वस्तू जपणारी पोर आहे. हे माझ्याकडून आलंय. तिच्या आईने नऊ वर्षांत माझे तीन कंदील फोडले.

बुधवार, २४ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. दिवाळीतही जाणं झालं नाही. बॉयलरची वार्षिक तपासणी आली, चार दिवस आम्ही दोघं आत शिरून खरवडत होतो. ही सबब खरी होती. तरी ती मिळाल्यावर जीव भांड्यात पडला, हेही खरं.

शिवदासकडून नऊचा एक आणि बाराचा एक असे दोन जोड घेऊन आधीच धाडले होते. नंदूला आता दहा लागेल असं शिवदास म्हणत होता, पण कागदात नऊ बसत होता. पाय तसा सँडल.

शेवंतीबाईंनी फराळाचं ताट आणून दिलं. त्यांच्या धाकट्या मुलीने विचारलं, माणिक कधी येणार? मेमध्ये, असं मी ठोकून दिलं. दार लावून घेतलं आणि ताट तसंच ठेवून बराच वेळ बसलो. चकली माणिकला आवडते. ती आधी तोडून सरळ काडी करते आणि मग खाते.

रविवार, २५ नोव्हेंबर

सुलक्षणाचं पत्र. माणिकचे सगळे फ्रॉक आखूड झाले, कापड पाठवा. मी हसलो. पाय तेवढेच आणि फ्रॉक आखूड? गावच्या शिंप्याने कापड न भिजवताच शिवलं असेल, धुतल्यावर आटलं. तरी पाठवतो.

नंदूला पाठवलेलं शिट्टी वाजवणारं बदक त्याने शेजारच्या तान्ह्या बाळाला देऊन टाकलं म्हणे. "मी आता मोठो झालंय," असं सांगून.

मंगळवार, १५ जानेवारी १९८५

यंदा तेलवाल्याने डायरी दिली नाही, कंपनीच्या तेलाचं काम दुसऱ्या कोणाला मिळालं. याच डायरीतली गेल्या जानेवारीपासून जूनपर्यंतची पानं कोरी आहेत, ती वापरतो. छापलेले वार चुकतात, चालेल.

पाय वाढत नाही याची आता मला काळजी वाटायला लागली. जून ते ऑक्टोबर सूतभर नाही. दुपारी कंपनीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मुलीला समोर आणल्याशिवाय काय सांगणार. बरोबर आहे. तरी हाडांच्या ताकदीच्या औषधाच्या दोन बाटल्या घेऊन पाठवल्या. सुलक्षणाला लिहिलं, रोज एक चमचा, चुकवू नको. तू बाहेरच्या चाळीस पोरांना बघतेस, घरच्या पोरीकडे लक्ष दे, असंही लिहिलं. पत्र टाकल्यावर वाटलं की ते शेवटचं वाक्य नको होतं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

उत्तर आलं. तिचं पत्र एवढं छोटं कधी नव्हतं. "माणिक उंच झाली आहे, माझ्या खांद्याच्या खाली चार बोटं. ती आजारी नाही. टाचेवर फोड येतात, नवीन सँडल चावतात म्हणते. औषध पाठवण्यापेक्षा येऊन बघा."

उंच झाली आणि पाय लहान? असं असू शकतं. माझ्या आईची पावलं अशीच लहान होती, अंगणात चालली तर मुलाची वाटायची. पोर आजीवर गेली असेल. हे सुचलं आणि काळजी गेली. फोडांना खोबरेल लाव म्हणून लिहिलं.

येऊन बघा, याला उत्तर लिहिलं नाही.

गुरुवार, ७ मार्च

शिमगा. विद्याधरला हर्नियाचं ऑपरेशन झालं, तीन आठवडे मी एकटा आणि बाहेरून आणलेला एक बदली माणूस. सबब शोधायलाही जावं लागलं नाही.

रविवार, २१ एप्रिल

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

काल तिसरे कागद आले. नंदूचा पाय आता माणिकच्या पायाला जवळजवळ गाठतोय. दोन्ही घेऊन सकाळी शिवदासकडे गेलो. त्याने नंदूचा कागद बाजूला ठेवला आणि माणिकचा बराच वेळ हातात धरून बसला. मग म्हणाला, "भाऊ, राग येणार नसेल तर एक सांगू? हा पाय नाही."

मी म्हटलं, म्हणजे काय?

"पायाला बोटं असतात. आत कमान असते. बाराव्या वर्षापासून हा धंदा करतो, मला पाय कळतो. हा सँडलचा तळ आहे. सँडल कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवलीय."

मला राग आला. तुला काय कळतं, माझ्या मुलीचा हात चित्रकलेचा आहे, असं काहीतरी बोललो आणि कागद हिसकावून घरी आलो. येताना रस्त्यात दोनदा थांबलो.

घरी येऊन तिन्ही कागद काढले, जुलैचा, ऑक्टोबरचा आणि आताचा. एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. उजेडात एकच रेघ दिसली. टाचेजवळचा तो खळगा तिन्हीत, त्याच जागी. नुसती पेन्सिल घसरली असती तर तीन वेळा एकाच जागी घसरली असती का? जूनमध्ये मी स्वतः घेतलेल्या सँडलचा तळ तिथे जरा तुटका होता. शिवदासने त्यावर थोडी सूट दिली होती. मला आठवलं.

मग बाकीचंही एकेक करून आठवलं. सँडल हातात. फोड. आखूड फ्रॉक. "बाबा मी तेवढीच आहे." आणि परळच्या डेपोत मी तिला काय कबूल करायला लावलं ते.

दहा महिने माझी पोर पाय दुमडून चालतेय, आणि मी इथे खूश होतो की ती वाढली नाही.

सोमवार, २२ एप्रिल

पाळी बदलताना विद्याधरला सांगितलं की मला आठ दिवस जायचंय. कसं सांगावं याची सकाळपासून तयारी केली होती. त्याला ऑपरेशन होऊन दोनच महिने झालेत, बारा तास त्याला झेपतील का, वगैरे.

तो म्हणाला, "जा की रे. मी काय म्हातारा झालो? तू कधी मागितलीसच नाहीस. मला वाटलं, तुझं घरी काही बिनसलंय."

तोंडात मारल्यासारखं झालं. नाही, काही बिनसलं नाही, असं म्हणालो.

शुक्रवार, २६ एप्रिल, गाव

काल सकाळी पोहोचलो. फाट्यावर उतरलो तर रस्त्याच्या कडेच्या बांधावर एक उंच मुलगी बसली होती, दोन वेण्या, गुडघ्याच्या वर गेलेला फ्रॉक. मी तिच्यासमोरून पुढे गेलो. खरंच गेलो, चार पावलं. मग मागून आवाज आला, "बाबा."

ती मला बघून आधी धावली नाही. खाली बसली, पिशवीतून सँडल काढले, घातले, बक्कल लावायला तिला बराच वेळ लागला. मग उभी राहिली आणि सरळ चालत माझ्याकडे आली. लंगडायचं नाही असं ठरवून माणूस चालतो तसं. चार बोटं पुढे आत वळलेली आणि अंगठा सँडलच्या बाहेर, मातीला टेकलेला. टाच मागे पट्ट्यावर चढलेली.

"बघा बाबा," ती म्हणाली, "मी तेवढीच आसंय."

तिच्या तोंडात आता मालवणी बसलीय. मी तिथेच रस्त्यात बसलो आणि तिची बक्कलं काढली. दोन्ही टाचांवर जुने काळे डाग आणि वर नवे फोड. ती माझ्या डोक्याकडे बघत होती, तिला वाटलं की मी रागावलो. हळूच म्हणाली, "आता तुम्ही इलात. आता मोठी झालंय तर चलात मां?"

मी म्हटलं, चालेल. मग तिला उचलून घ्यायला गेलो, तर ती आता उचलण्याएवढी राहिली नाही. तिचे पाय माझ्या गुडघ्यांना लागत होते. तसंच घेऊन घरापर्यंत आलो.

सासूबाई ओटीवर होत्या. म्हणाल्या, "इलात? बरां झाला. चेडू रोज सकाळी येष्टी बघूक फाट्यार जाता." माणिक रोज फाट्यावर येते हे मला कोणी लिहिलं नव्हतं. नंदू त्यांच्या पाठीमागे गेला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिला.

सुलक्षणा शाळेतून आल्यावर तिला पाय दाखवले आणि कागदही दाखवले. ती पायरीवरच बसली. म्हणाली, "बेचाळीस पोरांची नखं मी रोज तपासते." मग मला विचारलं, तुम्ही तिला काय सांगितलं होतं? मी सांगितलं. चेष्टेत म्हणालो होतो, असंही सांगितलं.

"तिला चेष्टा कळते," सुलक्षणा म्हणाली. "माझी कळते, आजीची कळते. तुमचं मात्र ती सगळं खरं धरते. तुम्ही नसता ना इथे."

भांडली असती तर बरं झालं असतं. तिने उठून मला पाणी आणून दिलं, पाहुण्याला देतात तसं तांब्यावर पेला ठेवून.

रविवार, २८ एप्रिल

या पानावर लिहायला फार जागा नाही, कारण इथे माणिकचा पाय आहे.

आज दुपारी ओटीवर डायरी उघडी ठेवली आणि तिला तिच्यावर उभं केलं. पेन्सिल मी धरली. बोटं सरळ कर म्हटलं तर करंगळी सरळ होईना, ती सवयीने आत जाते. मी हाताने सरळ धरली. पेन्सिल कमानीत गेली तेव्हा तिला गुदगुल्या झाल्या आणि ती हसून हलली, म्हणून आतल्या बाजूला रेघ वाकडी आहे. टाच पानाच्या खालच्या कडेला लावली, तर अंगठा वर छापलेल्या तारखेवर गेला. मग नंदू आजीच्या मागून आला आणि माझा पण म्हणाला. त्याचा पुढच्या पानावर आहे. त्याने मला अजून बाबा म्हटलेलं नाही, पण पाय दिला.

सुलक्षणा बोलता बोलता म्हणाली की नंदूचं नाव पुढच्या वर्षी तिच्याच शाळेत घालू. मी बरं म्हटलं. बदलीचं तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. इथे मुलांना सगळे ओळखतात. माणिक झाडावर चढते, खाडीत उतरते, तिला पाच मैत्रिणी आहेत. मुलुंडला तिला दाराबाहेर सोडायला आम्ही भीत होतो.

उद्या निघतोय. तिने विचारलंच, कधी येणार?

गणपतीला, असं ओठांवर आलं होतं. म्हटलं, "नक्की ठाऊक नाही, बाय. पण तू थांबू नको. तू आपली वाढत राहा."

तिने मान हलवली. कबूल म्हणाली नाही. पायाच्या आत उरलेल्या जागेत एवढंच मावलं.

रविवार, ५ मे

मुलुंड. शिवदासकडे डायरीच घेऊन गेलो. त्याने पान बघितलं आणि काही टोमणा मारला नाही. म्हणाला, आता कसा पाय दिसतोय. मापाला एक नंबर बसत होता, मुलांच्या तेरा नंबरानंतर परत एकपासून मोजतात. तो एकचा जोड बांधायला लागला.

मी म्हटलं, "दोन बोटं मोठे दे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या दाताकडे, आणि वरून मोठा जोड काढला.

आत्ता तो जोड समोर आहे. वडिलांचा विचार करतोय. वर्षातून एकदा यायचे, कधी तेवढंही नाही. माझा कागद त्यांना मिळायचा तेव्हा पाय तेवढा असायचा, पण चपला गावी पोहोचल्यावर पुढचं वर्षभर त्यांतच काढायचं होतं, आणि ते त्यांना दिसणार नव्हतं. त्यांना माप कळत होतं. इतकी वर्षं मी त्यांना नावं ठेवली, आणि त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली, म्हणजे सांगायचीही सोय नाही.

दाराशी ठेवलेले माणिकचे ते तिन्ही कागद उचलले आणि चुरगाळले. दोन उजव्या सँडलमध्ये पुढे कोंबले, एक डाव्यात, आणि डाव्यात कमी पडला म्हणून वर्तमानपत्राचा तुकडा घातला. चिठ्ठी लिहिली, पाय वाढला की एकेक बोळा काढायचा, मला विचारायचं नाही.

उद्या विद्याधरचा भाचा देवगडला जातोय, त्याच्याबरोबर पाठवतो. त्यांच्यावरची वाटी रिकामी झाली, ती घासून फळीवर लावली.